आईचं कोपर

नवरा जाऊन चार महिने झाले, पण सूनबाईच्या डोळ्यांतून एक टिपूस गळलं नाही, हे सासूबाईंचं शेजारच्या चारही घरांत सांगून झालं होतं. रडणं राहिलं बाजूला, पंधरवडा उलटायच्या आत बाई कारखान्यात जाऊन फळ्या कापायला लागली. संध्याकाळी केसांत भुसा घेऊन यायची, दोन घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. हिला काळीज दिलंय की लाकडाचा ओंडका, असं सासूबाई भांडी घासता घासता भांड्यांनाच विचारायच्या. मात्र तिला ऐकू जाईल अशा बेताने.

आज तिनेच गळ घातली म्हणून त्या कारखान्यात आल्या होत्या. दुपारी नगरपालिकेची माणसं तिथे बनवलेली नमुन्याची टपरी बघायला येणार होती. त्यांनी हो म्हटलं की याच मापाच्या आणखी एकोणचाळीस निघणार आणि शहरातल्या चौकाचौकांत माल विकणाऱ्या बायकांसाठी उभ्या राहणार. मग इकडचं तिकडे करता यायचं नाही. तेव्हा आई, एकदा आत उभ्या राहून बघा, एवढंच सून म्हणाली होती.

टपरी मधोमध उभी होती. मुलाने आणि सुनेने मिळून आखलेली. सामानाच्या जुन्या खोक्यांचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, एकात एक अडकणारे सहा भाग, खिळा एकही नाही. रस्ता खोदायला माणसं आली की दोन बायकांनी सोडवून पलीकडे न्यावी, अशी. सासूबाईंचा सगळा जन्म कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या टपरीत बटणं, चेन आणि इलॅस्टिक विकण्यात गेलेला. त्यांनी चारी बाजूंनी फिरून आधी नावं ठेवून घेतली. बटणांचे खण बारके आहेत. दार इतकं हलकं आहे की चोराला मेहनत केल्यासारखंसुद्धा वाटायचं नाही.

मग त्यांनी तेच दार ओढून पाहिलं. ते डाव्या हाताने खाली येत होतं. उजवा खांदा दुखतो हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पोराने कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. त्या तशाच आत शिरल्या, पिशवीतून इलॅस्टिकचं बंडल काढलं आणि नेहमीसारखं हातभर मोजायला कोपर समोरच्या फळीवर टेकलं.

खांदा वर उचलला गेला.

"उंच झालंय," त्या म्हणाल्या.

सुनेने टेप काढली, जमिनीपासून धरली, वाकून आकडा वाचला. माप बरोबर होतं. ह्यांनीच घेतलेलं आहे, ती म्हणाली.

"तुझी टेप बरोबर असेल. माझा खांदा कानाशी कुजबुजतोय, त्याचं काय?"

सुनेने परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग वरची आडवी फळी उचलून बाजूला ठेवली आणि खालची उभी फळी उघडी केली. आतल्या बाजूला, अगदी माथ्यालगत, पेन्सिलची एक रेघ होती. शेजारी काहीतरी लिहिलेलं. सासूबाईंची शाळा दोन इयत्तांची, त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. आईचं कोपर.

त्यांना ती फळी आठवली. दीड वर्षापूर्वी पोराने ती स्वयंपाकघरात आणून त्यांच्यापुढे उभी केली होती. ताठ उभी राहा, म्हणाला. मी वाकून उभी राहिलेली कधी बघितलीस रे, असं त्यांनी झापलं होतं, आणि त्याने हसत हसत कोपराखाली रेघ ओढली होती.

आख्खी टपरी घासून, पॉलिश करून लखलखत होती. या रेघेभोवतीची तळहाताएवढी जागा तेवढी कोरीच होती. तिथे पॉलिश कागदही फिरला नव्हता.

"पायाखाली फळी टाकते, आई," सून म्हणाली. "दोन बोटांची. दिसणारही नाही कोणाला."

आवाज नेहमीसारखाच होता, कोरडा. पण अंगठा तिने त्या अक्षरांवर ठेवला होता आणि तो उचलत नव्हती.

सासूबाईंनी विचारलं, की उरलेल्या एकोणचाळीस जणींच्या पायाखाली काय घालणार आहेस. त्यांतल्या अर्ध्या तर माझ्याच वयाच्या असतील. सुनेचा अंगठा तिथेच राहिला. तेव्हा सासूबाईंनी हात पुढे करून तिच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. पेन्सिलचं मागचं टोक चावून चावून चपटं झालं होतं. ती खोड सुनेची नव्हती.

त्या फळीला लागून उभ्या राहिल्या. एकदा पाठ सरळ करून पाहिली. जेवढी झाली तेवढी झाली. मग डावं कोपर फळीला टेकवून त्यांनी उजव्या हाताने त्याच्याखाली रेघ ओढली. वाकडीच आली. पोराच्या रेघेपेक्षा बरोबर दोन बोटं खाली. तिथून कापलं की वरची रेघ, अक्षरं, सगळं त्या पट्टीबरोबर निघून येणार होतं.

सुनेच्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन आत गुंडाळली गेली. तिने ती परत बाहेर ओढायला घेतली. बोटांना टोक सापडत नव्हतं.

"परत मोजू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं माप बरोबरच आहे. तेव्हा मी ताठ होते. करवत घे, मी फळी धरते."