वरचा फंड

"पटका माहा, डोकं तुहं. नाव पुसलं तं उकंडराव सांगजो," उकंडरावानं पुंजाजीला बजावलं.

"अन् बायकोचं पुसलं तं?"

"कौशल्याबाई सांग. पण असे दात काढून नोको सांगू बे!"

वरवट बकालच्या सोसायटीनं साठीवरच्या म्हाताऱ्यांसाठी आजारपणाचा फंड काढला होता. लोक त्याला वरचा फंड म्हणत. सेक्रेटरी पंजाबरावांनी तो उकंडरावाला तीनदा समजावला होता.

"तालुक्याले चिरफाड सरकार फुकट करते. भुलीची बाटली, खाट, दूध, हे वरचं सारं आपला फंड भरते."

"म्हणजे फंड नसला तं शुद्धीत चिरतेत?"

"चिरतच नाहीत. बाटली नसली तं टेबलावरच घेत नाहीत."

अट एकच. फंडात शिरताना माणूस ठणठणीत पाहिजे. अन् उकंडरावाचं आतडं तर दोन वर्षांपासून जांघेत उतरून राह्यलं होतं. आधी खोकला की लिंबाएवढं फुगायचं, आताशा नारळाएवढं. वैद्यानं सांगून ठेवलं होतं, एक दिवस ते तिथंच अडकणार, मग चिरल्याबिगर जीव वाचत नाही.

म्हणून पुंजाजी. एकटा गडी, मागं-पुढं कोणी नाही. सत्तरीतही ज्वारीचं पोतं एका खांद्यावर न्यायचा.

तालुक्याचा डॉक्टर तपासणीला आला. चावडीपुढं दहा बैठका मारा म्हणाला. पुंजाजीनं पंचवीस मारल्या. डॉक्टर त्याच्या तोंडाकडं कौतुकानं पाहतच राह्यला.

"उकंडराव, तुम्ही शंभरी गाठणार!"

पंजाबराव वहीत डोकं खुपसून बसले होते. त्यांचेही दोन चुलते असेच यादीत शिरले होते. भिंतीआड उकंडराव जांघ दाबून हसला, खोकला आला तो गिळला. कार्ड मिळालं. त्यावर फोटोबिटो नव्हता, नुसतं नाव.

हिवाळ्यात आतडं अडकलं. उकंडराव अंगणात गडबडा लोळायला लागला. कौशल्याबाईनं गाडी जुंपायला लावली.

"पुंजाजीले बलाव व. सोबत राहीन."

"तो बाजाराले गेला त्याले आठ रोज झाले. पडला असन तमाशाच्या फडात."

"मजा हाय बुढ्याची," उकंडराव कण्हला. "दुखणं तेवढं माह्या वाट्याले."

गाडीच्या दर दणक्याला तो खिशातलं कार्ड चाचपत होता. दवाखाना आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. कौशल्याबाईनं कार्ड ओसरीवर बसलेल्या त्याच डॉक्टरपुढं धरलं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं.

"वाचा साहेब. वरच्या फंडातले हायेत. बाटली आणा लवकर!"

डॉक्टरनं कार्ड वाचलं अन् खुर्चीवरून उठून उभा राह्यला.

"निरोप मिळाला तर तुम्हाला. आई, उकंडराव परवा गेले. बाजारात भोवळ येऊन पडले, शुद्ध अशी आलीच नाही. मी ओळखलं म्हणून नाव तरी लागलं. फंडानं औषधापासून सरणापर्यंत काही कमी पडू दिलं नाही."

त्यानं कार्डावर लाल रेघ ओढली. मग गाडीत तडफडणाऱ्या म्हाताऱ्याकडं वळला.

"हे त्यांचे कोण?"