हातभर धार

गोदूबाईंच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात वाटीत ठेवलेला वाफाळता पेला, आणि पेला टेकवायला कुठेच जागा नव्हती.

रविवारची सकाळ होती. बनशंकरीतल्या त्या उभ्याने कॉफी पिण्याच्या हॉटेलात प्रत्येक उंच टेबलाभोवती माणसांचे कडे पडले होते. दारालगतच्या टेबलाशी मात्र एकच तरुण उभा होता. त्याचे हेल्मेट, फुगलेली बॅग, उघडा लॅपटॉप आणि केव्हाच रिकामी झालेली इडलीची ताटली, एवढ्यांनी ते टेबल भरले होते. कानांत इअरफोन घालून तो पडद्यावरच्या कुणाशी तरी बोलत होता.

"बाळा, स्वल्प सरकव की रे ते टोपडं," गोदूबाई म्हणाल्या.

त्याने न पाहताच तळहात दाखवला. मग त्याच हाताने काउंटरच्या दिशेने चुटकी वाजवली.

"बॉस! ये फिर ठंडी हो गई. गरम करके लाओ."

काउंटरमागे बिंदुमाधव होता. भांड्यांच्या मोरीवरून कॉफीच्या काउंटरवर येण्याचा त्याचा हा पहिलाच दिवस. सकाळी शटर उचलताना मालक नरसिंहण्णा एवढेच म्हणाले होते, "हात चांगला आहे तुझा, म्हणून उभा करतोय. पण गिऱ्हाइकाशी वाद नको. वाद कानावर आला, की परत मोरी. समजलं ना? सरी?"

"सरी, अण्णा."

वाद घालायला आधी बोलावे लागते. बिंदुमाधवचे शब्द घशापर्यंत येत आणि चुकीच्या दारी आलेल्या पाहुण्यांसारखे मुकाट्याने परत फिरत. या तरुणाची कॉफी त्याने आधी साखर कमी करून दिली होती, मग गरम करून. दोन्ही वेळा तो फक्त "हो सर" म्हणाला होता. आताही तेवढेच म्हणून तो पेला परत न्यायला बाहेर आला.

वाटेत गोदूबाई उभ्या होत्या. कॉफी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत ओतून निववल्याखेरीज त्या घोटही घेत नसत, आणि त्याला दोन्ही हात मोकळे लागत.

"काठी सोडली तर मी पडते, पेला सोडला तर कॉफी," त्या त्याला म्हणाल्या. "आता काय सोडू, तूच सांग."

"द्या, आज्जी."

त्याने वाटीसकट पेला घेतला आणि तरुणासमोर जाऊन तोंड उघडले. गल्ल्यावरून नरसिंहण्णा चष्म्याच्या वरून पाहत होते. तोंड मिटले.

हेल्मेट आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तळहाताएवढी फट होती. बिंदुमाधवने त्या फटीत वाटी ठेवली आणि पेल्याचा हात उचलला. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. मग डोक्याच्याही वर. वर्गात उत्तर येत असतानाही जो हात कधी वर गेला नव्हता, तो आता दारातून येणाऱ्या उन्हात ताठ उभा राहिला. पेला कलला.

मधाच्या रंगाची एक लांब, अखंड धार उन्हातून खाली उतरली आणि वाटीत फेस होऊन विसावली.

"अरे, अरे, भाई! लॅपटॉप!" तरुणाने लॅपटॉप मिटून छातीशी धरला.

दुसऱ्या वेळी बिंदुमाधवने पेला थोडा पलीकडे ठेवून वाटी उंच नेली. हेल्मेट कोपरात अडकवले गेले. तिसऱ्या वेळी वाटी थोडी अलीकडे आली. बॅग पाठीवर चढली. शेजारच्या टेबलांवरचे बोलणे थांबले होते. माना त्या धारेबरोबर वर जात, खाली येत.

शेवटच्या वेळी ओतताना एक थेंब उडाला आणि तरुणाच्या मनगटावर पडला.

बिंदुमाधवच्या हातातली वाटी हवेतच थांबली. मोरीतल्या नळाचा आवाज त्याला इथवर ऐकू येऊ लागला.

तरुणाने थेंबाकडे पाहिले. मग, सकाळपासून पहिल्यांदाच, बिंदुमाधवच्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि नकळत, लहान मुलासारखा, त्याने तो थेंब जिभेने टिपला.

"मेरेवाली भी ऐसेही," तो म्हणाला. "ऊपर से."

सगळे हॉटेल एकदम हसले. कुणीतरी टेबलावर ताल धरला.

"मिळेल की. तोवर ही धर," म्हणत गोदूबाईंनी काठी त्याच्या हातात दिली, रिकाम्या टेबलाशी ऐसपैस उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पेला ओठांशी नेला.

"बिंदू."

नरसिंहण्णांची हाक ऐकून बिंदुमाधवने खांद्यावरचे फडके हातात घेतले आणि तो गल्ल्याशी गेला.

"वाद झाला?"

"नाही, अण्णा."

"सांडलं?"

"एक थेंब. त्यांच्या मनगटावर."

नरसिंहण्णांनी दाराकडे पाहिले. पाठीवर बॅग, काखेत लॅपटॉप, कोपराला हेल्मेट, आणि हातात काठी सरळ धरून तो तरुण राजवाड्याच्या दारातल्या चोपदारासारखा उभा होता. गळ्यात लोंबणाऱ्या इअरफोनमधून अजून कुणाचा तरी आवाज "हॅलो? हॅलो?" करीत होता. तो ऐकत नव्हता. गोदूबाई त्याला काहीतरी सांगत होत्या आणि तो खाली वाकून हसत होता.

नरसिंहण्णांनी गल्ल्याच्या कोपऱ्यातला आपला पेला बोटांनी हळूच बिंदुमाधवकडे सरकवला. त्यातली वाफ केव्हाच विरली होती, वर साय धरली होती.

"फार गरम आहे रे ही," ते म्हणाले.