गुडघ्याचा जबाब

ऊर्मिला लोणारेला फिजिओथेरपीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. पण ही बातमी तुम्ही वाचलीच नाही असं समजा, कारण त्या सकाळी ती आपल्या पेशंटच्या, तात्या हसबनीसांच्या, गुडघ्यासमोर रडवेली होऊन बसली होती.

रेझ्युमेत स्वतःबद्दल चार बरे शब्द लिहायची सोय आता उरली नव्हती. आपण बरा केलेला सांधा काय म्हणतो ते यंत्राने ऐकायचं आणि जसंच्या तसं छापायचं. एक काना बदलला तरी अर्ज बाद.

तात्यांनी गुडघ्याला यंत्राचा पट्टा बांधला आणि दरडावलं, "नीट बोल रे. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"बोलतो की," गुडघा कुरकुरला. "चार वर्षं खुर्चीत सुखाने पडून होतो. ही बया आली आणि मला वाकवायला लागली. आता रोज तीन मजले चढतो. काल तर वरातीत नाचवलं."

"तात्या, गेलं माझं वर्ष," ऊर्मिला म्हणाली.

"मांडीला बोलायला सांगू का? ती स्वभावाने बरी आहे."

नियमात मांडी बसत नव्हती. ऊर्मिलाने डोळे मिटून अर्ज पाठवला.

दुपारी कॉलेजातून फोन आला. "बाकीच्या अर्जांतले सांधे फार गोड बोलतात," तिथल्या बाई म्हणाल्या, "पण खुर्चीत बसून. दमलेला तुमचा एकटाच. सोमवारी प्रवेश घ्यायला या."

ऊर्मिलाने सोडलेल्या निःश्वासाने तात्यांच्या हातातला पेपर फडफडला. मग तिने जबाबाचा शेवट पहिल्यांदाच नीट वाचला.

"तरी वरील त्रास लक्षात घेऊन राज्यातील सर्व जिने ताबडतोब आडवे करण्यात यावेत, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, डावा गुडघा."