एका हाताचं काम

“हा कोंबडा आहे?” सोलांजने थाळी खिडकीच्या उजेडात धरली. “मला तर बूट वाटतोय.”

“कोंबडाच आहे,” गास्तों म्हणाला. “जरा म्हातारा आहे, इतकंच.”

“आणि चोच कुठंय?”

“तोंड पलीकडे केलंय त्याने. तुझं बोलणं ऐकवत नसेल.”

टेबलाशी बसलेल्या कारीनने हसू कॉफीच्या कपात लपवलं. या नवरा-बायकोच्या कराचा हिशोब ती बघायची. लहानपणी दर बुधवारी, शाळेला सुट्टी असे तेव्हा, गावातल्या इतर मुलांबरोबर ती याच खोलीत मातीत खेळायला यायची. त्यामुळे गास्तों तिच्यासाठी अजूनही मास्तरच होता.

“तो कायदा पुन्हा एकदा सांग गं,” सोलांज म्हणाली. “सावकाश सांग. तुझ्या मास्तरांच्या डोक्यात शिरत नाही.”

कारीनने कप खाली ठेवला. “वस्तू एकुलती एक हवी. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातची हवी. आणि खाली त्याची सही हवी. मग कायदा तिला कलाकृती म्हणतो आणि कर जवळजवळ चौथाईवर येतो. दोघांनी मिळून केली, की ते नुसतं भांडं. भांड्याला पूर्ण कर.”

या घरात आजवर भांडीच झाली होती. चाकावर गास्तों बसायचा. कान जोडायचे, झिलई द्यायची, त्यावर कोंबडे आणि पेअरच्या फांद्या काढायच्या, हे सोलांजचं. सही कोणीच करत नसे. गिऱ्हाईक भांडं उलटं करून बघायचं, ते तडा गेलाय का एवढंच पाहायला. पण भट्टीचा गॅस आता परवडत नव्हता. कर असाच भरावा लागला तर यंदाची भट्टी शेवटची, हे कारीनने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

गास्तोंला चित्र काढता येत नाही हे थाळीने दाखवून दिलं. राहिली सोलांज; चित्रं तिची होतीच, आता चाकही तिनेच चालवायचं. तिने बाह्या वर केल्या आणि संसारात पहिल्यांदाच चाकामागच्या बाकावर बसली. बाक एका अंगाला झिजला होता. ती कलंडता कलंडता सावरली.

“बाकसुद्धा तुझ्यावरच गेलाय,” ती म्हणाली. “हात खिशात घाल आधी.”

गास्तोंने हात खिशात घातले. “तोंड चालेल का गं कायद्याला?”

“बोलण्यावर कर नाही, मास्तर.”

“असता तर आम्ही केव्हाच बुडालो असतो,” सोलांज म्हणाली.

चाक फिरू लागलं. मातीचा गोळा मधोमध राहीना. गास्तों तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि मुलांना सांगायचा तसं, हळू आवाजात सांगू लागला. “कोपर मांडीला टेकव. श्वास सोड. ढकलू नकोस, नुसती धरून ठेव. घाई मातीला लगेच कळते.”

पहिलं भांडं उठलं आणि मटकन बसलं. दुसऱ्याची कड लचकली.

“मुलांना पण एवढं बोलायचास? बिचारी.”

“मुलं ऐकायची.”

तिसऱ्या वेळी ओठ घट्ट मिटून तिने बोटं आत घातली. मातीची भिंत चढू लागली, चढता चढता थरथरली. गास्तोंचे हात खिशातून कधी निघाले ते त्यालाही कळलं नसावं. ते तिच्या हातांवर येऊन टेकले आणि थरथर थांबली.

“मास्तर, हात…” कारीन म्हणाली.

तिच्या आईच्या स्वयंपाकघरात मिठाचा एक वाडगा होता. कारीनने सातव्या वर्षी केलेला. खाली तिचं नाव कोरलेलं, त्यातलं एक अक्षर उलटं. सगळा मी एकटीने केला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. तेव्हा आपल्या हातांवर दोन मोठे, ओले, गार हात होते, हे तिला आज आठवलं. ते हात मास्तरांनी केव्हा काढून घेतले, ते मात्र तिला कधीच कळलं नव्हतं.

आज दिसलं. भिंत सरळ होताच गास्तोंने आधी बोटं सैल केली, मग तळवे. मग झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढावेत तसे हात अलगद वर उचलले. भांडं फिरतच राहिलं. त्याने कारीनकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. ओठांना माती लागली.

“कळतं हं मला,” सोलांज मान न वळवता म्हणाली. “मी काय तुझ्या बुधवारच्या पोरांतली आहे?”

“जमतंय की तुला. हे तुझंच झालं. वाळलं की सही कर खाली.”

“उद्यापासून करीन. सगळ्या वाकड्यातिकड्यांवर करीन. आज हात परत ठेव.”

“पण काकू,” कारीन म्हणाली, “मग हे भांडं होईल.”

“होऊ दे. याला पूर्ण कर लाव.”

गास्तोंने पाण्याच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि ओलेच तिच्या हातांकडे नेले.