पानाबाहेरचा ऑक्सिजन

फक्कीनं मी मैदानावर भलंमोठं पान आखलं आणि सातवीचा वर्ग आत सोडला. काही मुलं पाणी, काही कार्बन डायऑक्साइड. सूर्य झालेल्या यशोधरानं टाळी वाजवली, की काहींनी हात धरून साखर व्हायचं. उरलेल्यांनी ऑक्सिजन होऊन पानाबाहेर धूम ठोकायची.

"विज्ञान फळ्यावरच शिकवा, बाई," मुख्याध्यापक बोंद्रे सरांनी सकाळीच बजावलं होतं. मी म्हटलं, "आधी बघा तरी."

टाळी वाजली. दोन ऑक्सिजन थेट सरांच्या ऑफिसात घुसले. मी मागोमाग धावले.

"इथं काय काम?" सर कडाडले.

"आम्ही ऑक्सिजन, सर. श्वासात घ्या ना!"

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश सोडला.

"झालात कार्बन डायऑक्साइड. पळा परत पानात!"