कड सोडवताना

"ओढ ना एकदाचं," वडील म्हणाले. "चिकटपट्टी आहे ती. गंजलेला नट नाही."

मुलाने कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि वडिलांच्या डाव्या दंडावरच्या सेन्सरच्या कडेकडेने फिरवला. कोटाच्या बटणाएवढं पांढरं यंत्र, खाली गोल चिकटपट्टी. रक्तातली साखर मोजायची त्याची चौदा दिवसांची मुदत सकाळीच संपली होती.

एरवी हे काम बहीण करायची. ती मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि मागच्या वेळी वडिलांनी उजव्या दंडावरचा सेन्सर स्वतःच ओढून काढला. पट्टीबरोबर कातडीही आली. तिथली खपली अजून पुरती सुकली नव्हती. "या वेळी तू जा," बहीण फोनवर म्हणाली होती. "आणि त्यांचं काही ऐकू नकोस." म्हणून तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता.

"आता काय?"

"आता थांबायचं. तेल आत मुरू द्यायचं."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत मी लेथवर चार बोल्ट उतरवायचो."

दोघे थांबले. मुलगा घड्याळाकडे बघत राहिला, वडील खिडकीकडे. मग त्याने नखाने पट्टीची एक कड उचलली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी खाली दाबून धरली आणि उजव्या हाताने पट्टी मागे दुमडत नेली. वर नाही ओढायची, आडवी न्यायची, असं बहिणीने चारदा बजावलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी पट्टीबरोबर थोडी उचलली जायची, मग सुटून खाली बसायची. दर वेळी तो थांबत होता, पुन्हा तेल लावत होता.

"हा हळूबाईपणा माझ्याकडून नाही आला तुझ्यात," वडील म्हणाले.

"नाही," मुलगा म्हणाला.

पट्टी अर्ध्याहून अधिक सुटली होती. मुलगा खाली वाकला होता, त्याचं तोंड वडिलांच्या खांद्याजवळ होतं. वडिलांनी उजवा हात झटकन वर उचलला.

बावन्न वर्षांच्या मुलाचे डोळे गच्च मिटले. मान खांद्यांत गेली, कोपर तोंडासमोर आलं.

वडिलांचा हात हवेत तसाच राहिला. लेथने टोक खाल्लेली तर्जनी, रुंद पंजा.

"चष्मा," वडील म्हणाले. "चष्मा घसरला होता."

"हो."

मुलाने कोपर खाली घेतलं. वडिलांनी चष्मा वर सारला नाही. तो नाकाच्या शेंड्यावर तसाच राहिला आणि हात गुपचूप मांडीवर जाऊन पडला.

मुलाने पुन्हा पट्टीची कड धरली. मग सोडली आणि बोळा पुन्हा तेलात बुडवून कडेने फिरवला. तेल मुरेपर्यंत तो वाट बघत बसला. वडिलांनी या वेळी घाई केली नाही. बाहेर नळावर कोणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज बदलत बदलत वर चढला आणि बंद झाला.

सेन्सर सुटला. केसासारखी बारीक तार बाहेर आली, रक्त आलं नाही. मागे फक्त तांबूस वर्तुळ राहिलं. मुलाने उरलेला चिकटा तेलाने पुसला, साबणाच्या ओल्या फडक्याने दंड स्वच्छ केला, टिपून कोरडा केला.

"दुखलं का?"

"नाही." वडील त्या वर्तुळाकडे बघत होते. "तू लहान होतास तेव्हा मी…"

"बाबा," मुलगा म्हणाला, "नवा लावायचाय. उजवीकडे खपलीच्या वर जागा आहे."

मुलाने नव्या सेन्सरचं पाकीट फोडलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि वळला.

वडिलांनी उजवा हात मांडीवरून उचलला. फार सावकाश, मुलाला सगळा वेळ दिसत राहील असा, तळवा वर ठेवून त्यांनी तो पुढे आणला.