घुंगरू

बाटुमीच्या टेकडीवरून शिकारी पक्षी दक्षिणेकडे चालले होते आणि मुर्मान आपल्या घरी पैसे देऊन उतरलेल्या परदेशी पक्षीप्रेमी पाहुण्यांना एकेक ओळखून दाखवत होता. आज स्वारी खुशीत होती. तेवढ्यात डोक्यावर घुंगरू वाजलं.

दुर्बिणी वर गेल्या. एक ससाणी थव्यातून बाजूला होऊन टेकडीवरच घिरट्या घालू लागली. तिच्या पायाला घुंगरू होतं आणि चामड्याचा पट्टा लोंबत होता.

मुर्मानने तिला लगेच ओळखलं. लावे धरायला ससाणी पाळायची आणि हंगाम सरला की पट्टा कापून सोडून द्यायची, ही गावाची रीत. पण काल पाहुण्यांची गाडी वेळेआधीच फाटकात आली आणि त्याने हिला घाईघाईत पट्टा न कापताच परसातून सोडून दिलं. पक्षी पकडणाऱ्याच्या घरी ही माणसं पाणीसुद्धा प्यायली नसती.

"पट्टा फांदीत अडकला की उलटी लटकून मरेल ती," आनेके म्हणाली. ती दर शरदात त्याच्याकडेच उतरायची. "कुणाचं हे काम, मुर्मान?"

"असेल पलीकडच्या गावातला कुणी गाढव. ते काही सुधारायचे नाहीत."

शेजारी मक्याची भाकरी मोडत बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाने, ओस्मानने, मान वर केली.

"मूठ वर कर," तो आपल्या बोलीत हळूच म्हणाला. "तुझ्या हाताला येईल ती. पट्टा काढून टाक."

"गप्प बसा, बाबा. धंदा बुडवू का?"

म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला. डावी मूठ उंच धरून सगळ्यांना समजेल अशा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पक्षी माझा. पट्टा कापायला मीच विसरलो."

कालच आनेकेने त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणले होते. "आजोबा, तुम्ही?" एवढंच म्हणून तिने पाठ फिरवली. मुर्मानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मूठ खिशात घातली.

ससाणी खाली उतरली. म्हाताऱ्याच्या मुठीजवळून दोनदा गेली, बसली मात्र नाही. मग जंगलाच्या दिशेने वळली. घुंगरू बराच वेळ ऐकू येत होतं.

"तुमचाच पक्षी ना? मग का नाही आला?" आनेकेने न वळताच विचारलं.

ओस्मानचा हात अजून वरच होता.

"माझा हात म्हातारा झालाय, बाई."

मुर्मानने खिशातली मूठ आणखी घट्ट आवळली.